बाराच्या रकान्यातली करडई

आम्हा चुलत-आते भावंडांना सातबारा वाचता येण्याच्या आधी त्याचा धाक कळला. तलाठी चावडीवर येणार म्हटलं की आबा धुवट धोतर नेसून सकाळीच निघायचे. नक्कल मिळाली नाही, तर दुपारी त्यांच्याशी बोलायची कुणाची छाती नसे. मिळालीच, तर सोसायटीचं काम उरकून तो कागद पत्र्याच्या पेटीत, आजीच्या लुगड्यांखाली जाई.

आमचा तालुका इंदापूर. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी-आकारणी १८३० च्या दशकात इथूनच सुरू झाली. आधीच्या प्रिंगलच्या जबर आकाराला कंटाळून लोकांनी रानं सोडली होती. नव्या पद्धतीत सारा उतरला, तीस वर्षांसाठी बांधून मिळाला, आणि पडीक रानं पुन्हा वाहितीखाली आली. उद्याचा भरवसा असल्याशिवाय माणूस बांधावर दगड चढवत नाही, हे सरकारला तेव्हाच उमगलं होतं म्हणायचं.

सातावर भांडणं आणि बारावर शेती, असा आमच्या घरचा हिशेब. गाव नमुना बारामध्ये मिश्र पिकांचा रकाना वेगळा, निर्भेळ पिकांचा वेगळा. आमच्या जुन्या उताऱ्यांवर मिश्रच्या रकान्यात तलाठ्याच्या तिरक्या अक्षरात ज्वारी आणि करडई. करडईच्या काट्यांमुळे गुरं रानात शिरत नसत, आणि घरचं तेलही सुटे. मग कालव्याचं पाणी आलं. मिश्रचा रकाना कोरा पडला, निर्भेळखाली ऊस, पुन्हा ऊस, पुन्हा ऊस. पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांची शिक्षणं त्याच उसावर झाली. पण खालच्या अंगाची जमीन खारावली, आणि ते लिहायला बारावर कुणी रकाना ठेवला नव्हता.

आबा गेल्यावर वारसनोंद झाली. आत्यांनी हक्कसोड लिहून दिली. रजिस्टर ऑफिसातून परतल्यावर पुरणपोळी, साडीचोळी, सगळं यथासांग. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला, देशभर २००५ मध्ये. आमच्या पंगतीत तो विषय कुणी काढला नाही. राहिलं ते काकांचं सामाईक खातं. चर बुजलेला, बांध फुटलेला. दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर एकमत होईना. वाटप होऊन पोटहिस्से पडले, तेव्हा कुठे धाकट्या काकांनी चर उपसला आणि ठिबक केलं.

आता सातबारा मोबाइलवर निघतो, आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीत पीक आपणच नोंदवायचं असतं. पुण्या-मुंबईत बसलेल्या भावंडांनो, या हंगामात गावाकडच्या भावाला फोन करून सगळा ऊसच ठोकून देऊ नका म्हणावं. बांधावरची झाडं आणि आंतरपीकही नोंदवायला सांगा. आणि पुढच्या वारसनोंदीच्या वेळी बहिणींची नावं राहू द्या.