चिडियामोडपासून पलीकडच्या काठापर्यंत

एखादे कल्पित जग निवडून त्याला शोभतील अशाच इमारती, वाहने, पोशाख, संगीत आणि खेळ एका कुंपणाच्या आत रचणारे, आणि आत आलेल्या माणसाला बाहेरच्या गावाचा काही तासांपुरता विसर पाडणारे उद्यान म्हणजे संकल्पना-उद्यान होय. मराठी घरांतून त्याला सर्रास थीम पार्क असेच म्हटले जाते. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे १५ ऑगस्ट १८४३ रोजी खुले झालेले तिवोली हे त्याचे एक पूर्वरूप, आणि कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालेले डिस्नेलँड हे त्याचे सर्वमान्य प्रारूप मानले जाते. डिस्नेलँडची कल्पना आपल्याला एका बाकावर सुचली, असे वॉल्ट डिस्ने सांगत असत. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर फिरत असताना ते स्वतः बाजूच्या बाकावर शेंगदाणे खात बसून राहत, आणि जिथे आईवडील व मुले मिळून रमतील अशी एखादी जागा असायला हवी, असे त्यांना तिथे वाटू लागले. पुढील विवेचनात हा बाक पुन्हा येणार असल्यामुळे त्याची नोंद आरंभीच करून ठेवलेली बरी.

मराठी माणसाच्या आयुष्यात या सुखाची ओळख उद्यानात नव्हे, तर जत्रेत होते. जत्रेतल्या उभ्या फिरत्या पाळण्याला रहाटपाळणा किंवा आकाशपाळणा म्हणतात. विहिरीचे पाणी वर आणणारा रहाट जसा फिरतो, तसा हा माणसांना वर नेऊन खाली आणतो. प्रस्तुत लेखिकेच्या बालपणी पुण्यात नवरात्रातल्या चतुःशृंगीच्या जत्रेत लाकडी बैठकांचे असे पाळणे उभे राहत, आणि त्यांना गती देण्यासाठी दोन गडी आऱ्यांवर चढून आपल्या अंगाच्या भाराने ते खाली ओढत. पाळणा वर गेला की पोटात खड्डा पडे आणि खाली येताना आईचा चेहरा गर्दीत कुठे आहे हे डोळे आधी शोधत. जत्रेखेरीज दुसरे ठिकाण म्हणजे पेशवे पार्क. पुणे महानगरपालिकेने १९५३ साली उभारलेल्या या उद्यानात प्राणिसंग्रहालय होते आणि १९५६ पासून धावणारी फुलराणी ही लहानशी आगगाडी होती. फुलराणीत आजोबा, आत्या आणि कडेवरचे मूल एकाच बाकावर दाटीवाटीने बसत, हे तेव्हा विशेष वाटण्याचे काही कारण नव्हते. १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराई येथे एस्सेल वर्ल्ड सुरू झाले आणि खाडी बोटीने ओलांडून तिथे जाऊन येणे ही मध्यमवर्गीय मराठी घरांतली वर्षभर बोलण्याची गोष्ट ठरली; लेखिकेच्या घरातून तिथे एकदाच जाणे झाले, आणि त्या दिवसातली सर्वांत स्पष्ट राहिलेली आठवण खेळांची नसून बोटीच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या सगळ्या घराची आहे.

लग्नानंतर वायुसेनेतील पतीच्या बदल्यांबरोबर हे घर बराकपूरला आले. कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीच्या काठी वसलेले हे गाव देशातल्या सर्वांत जुन्या लष्करी छावण्यांपैकी एक असून इंग्रजांच्या बराकींवरून त्याला हे नाव मिळाले असे सांगितले जाते. इथल्या मुलांच्या तोंडी सुट्टी म्हटली की एकच नाव असते, ते म्हणजे सॉल्ट लेकमधले निक्को पार्क. १३ ऑक्टोबर १९९१ रोजी सुमारे ४० एकरांवर सुरू झालेल्या या उद्यानात लहानांची आगगाडी आहे, पाण्यातले खेळ आहेत आणि सायक्लोन नावाचा लाकडी बांधणीचा रोलर कोस्टर, म्हणजे चढउतारांच्या रुळांवरून वेगाने धावणाऱ्या डब्यांचा खेळ, आहे. बराकपूरहून सियालदाकडे जाणारी लोकल पकडायची, बिधाननगर रोडला उतरायचे आणि पुढे रिक्षा करायची, हा रस्ता या घरातल्या तेरा वर्षांच्या मुलाला शाळेच्या रस्त्याइतका पाठ आहे, आणि त्या उद्यानाविषयी घरात कोणाचीही तक्रार नाही.

तरीही यंदाच्या सुट्टीची सहल आखताना ते नाव वगळावे असे ठरले, आणि त्याचे कारण उद्यानात नसून कुटुंबाच्या रचनेत होते. पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत. धाकटी मुलगी सहा वर्षांची आहे. मोठ्या खेळांच्या दाराशी उंची मोजण्याची एक रंगवलेली पट्टी असते, तिच्यावरच्या रेषेला ज्याचे डोके लागत नाही त्याला आत सोडत नाहीत, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने हा नियम पूर्णपणे योग्यच आहे. मात्र या पट्टीपाशी येऊन कुटुंब दुभंगते, हेही तितकेच खरे आहे. मागे एका मोठ्या उद्यानात असेच झाले होते: मुलगा आणि वडील एका रांगेत, आई आणि मुलगी दुसऱ्या रांगेत, आणि आजी एका बाकावर चार पिशव्या, दोन पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांच्या चपला सांभाळत. पाच तासांत पाचही जण एकत्र आले ते फक्त जेवायला. ज्या बाकावर डिस्नेंना आपली कल्पना सुचली तो बाक त्या कल्पनेने नाहीसा केला नाही, त्यावर बसणारे माणूस तेवढे बदलले, असे लेखिकेला तेव्हापासून वाटत आले आहे.

म्हणून एकरेघी वहीच्या कागदावर या वेळी खेळांची नव्हे, तर माणसांची यादी झाली. चार रकाने आखले गेले: कोणाला काय हवे, किती चालावे लागेल, बसायला सावली कुठे आहे आणि स्वच्छतागृह कुठे आहे. मुलीच्या रकान्यात बोट हा एकच शब्द होता. मुलाने सायक्लोन लिहून ते स्वतःच खोडले आणि शेजारी बारीक अक्षरात, मित्रांबरोबर, डिसेंबरात, असे लिहिले. सासूबाईंनी देऊळ लिहिले नाही, जे सर्वांनी गृहीत धरले होते. त्यांनी लिहिले, एवढे दिवस इथे येते आहे, गाव दाखवा.

गाव दाखवायचे ठरले तेव्हा असे ध्यानात आले की बराकपूरहून थीम पार्क शोधत कोलकात्यापर्यंत जाण्याचे कारणच नाही, कारण या गावातच दोनशे वर्षांपूर्वी एक मोठे विहार-उद्यान उभे राहिले होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याने १८०० च्या सुमारास इथे आपला उन्हाळी निवास आणि त्याभोवती विस्तीर्ण बाग उभारायला घेतली. या बागेला आजही लाटबागान, म्हणजे लाटसाहेबाची बाग, असेच म्हणतात. बागेत पक्षी आणि प्राणी ठेवले गेले, आणि १८०४ मध्ये हिंदुस्थानातील निसर्गेतिहासाच्या अभ्यासासाठी फ्रान्सिस बुकॅनन या वैद्यक-निसर्गशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली इथेच एक संस्था सुरू झाली. प्राणिसंग्रहालयाला बंगालीत चिडियाखाना म्हणतात, आणि बराकपूरच्या ज्या चौकातून दिवसभर टोटो, म्हणजे विजेवर चालणाऱ्या रिक्षा, सुटतात त्या चिडियामोडच्या नावात या प्राण्यांची आठवण शिल्लक असल्याचे गावात सांगितले जाते. मोड म्हणजे चौक.

मराठी वाचकाने या तारखांपाशी थोडे थांबावे. वेलस्ली या बागेतली झाडे आणि पिंजरे आखत होता त्याच काळात, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाबरोबर वसईचा तह झाला, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी त्याच्याच धाकट्या भावाने, आर्थर वेलस्लीने, असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. बराकपूरची बाग ही ज्या सत्तेच्या वाढीची खूण आहे, त्याच सत्तेच्या वाढीत पुण्याचा पाडाव झाला. आणि पुण्यालाही अशी बाग होती. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. त्यात वाघ-सिंहांबरोबर गेंडाही होता, आणि त्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० च्या नोव्हेंबरात काढले. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणाऱ्या या कलावंताचा हा गेंडा एखाद्या दैवतासारखा भव्य नाही; तो दावणीला बांधलेल्या एका थकलेल्या जनावरासारखा दिसतो, आणि म्हणूनच तो खरा वाटतो. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी बराकपूरच्या पिंजऱ्यांसमोर बसून हालुदार नावाचा बंगाली चित्रकार बुकॅननसाठी प्राण्यांची चित्रे काढत होता. पुण्याचा तांबट आणि बंगालचा हालुदार एकमेकांना ठाऊक असण्याचा संभव नाही, पण दोघांचीही चित्रे अखेर इंग्लंडला गेली, आणि दोघांनीही जे रेखाटले ते राजाचे वैभव नसून समोर बांधलेल्या प्राण्याचे शरीर होते. आधुनिक उद्यानांचा इतिहास लिहिताना तिवोलीपासून सुरुवात करण्याची जी पद्धत आहे तिच्यात या दोन चित्रकारांना जागा मिळत नाही, आणि ही उणीव आहे असे प्रस्तुत लेखिकेचे स्पष्ट मत आहे; कारण पाहण्यासाठी जग गोळा करण्याची हौस पर्वतीच्या पायथ्याशी आणि हुगळीच्या काठी आधीच रुजलेली होती, फक्त ती प्रजेसाठी नव्हती.

ती प्रजेसाठी झाली ती पुढे. १ जानेवारी १८७६ रोजी अलिपूरचे प्राणिसंग्रहालय सुरू झाले, आणि अलिपूरच्या संग्रहाचे मूळ बराकपूरच्या या खासगी संग्रहात असल्याचे मानले जाते. अद्वैत नावाचे एक अतिविशाल कासव १८७५ च्या सुमारास बराकपूरहून तिकडे गेले, असे सांगतात. ते मूळचे रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतले होते आणि त्याचे वय अडीचशे वर्षांच्या आसपास होते अशी समजूत आहे. ही समजूत सिद्ध झालेली नसली, तरी अद्वैताचा मृत्यू मार्च २००६ मध्ये झाला हे निश्चित आहे. सहा वर्षांच्या मुलीला वेलस्ली समजत नाही, पण बाबा शाळेत होते तेव्हाही ते कासव जिवंत होते हे तिला ताबडतोब समजले, आणि दिवसभर तिने दर टोटोवाल्याला चिडियामोड या नावात कासव का नाही हे विचारले. पुण्याच्या पेशवे पार्कातले प्राणीही असेच पुढे कात्रजला हलवले गेले, ही गोष्ट सासूबाईंनी तिला सांगितली, आणि दोन शहरांच्या दोन स्थलांतरांची अशी तुलना प्रथमच कोणी केली असेल तर ती हुगळीकाठच्या गांधी घाटाच्या पायऱ्यांवर, सुटे दाणे खात बसलेल्या दोघींनी.

लाटबागानचा बहुतांश भाग आज पोलीस प्रशिक्षण संस्थेच्या आवारात असल्यामुळे तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही. म्हणून बेतात सकाळी गांधी घाट, त्यालगतचे जवाहर कुंज आणि नंतर धोबीघाटावरून नदी ओलांडणे, एवढेच ठेवले होते. पंडित नेहरूंनी १९४९ च्या जानेवारीत खुल्या केलेल्या गांधी घाटाचा आराखडा हबीब रहमान या वास्तुविशारदाचा आहे. घाटावर बसायला रुंद पायऱ्या आहेत, वारा आहे, आणि तिथे कोणाची उंची मोजली जात नाही.

धोबीघाटाची बोट पलीकडे श्रीरामपूरला लावते. नदीच्या या फेरीत पाचही जण एकाच फळीवर बसले, आणि कागदावरच्या चारही रकान्यांची पूर्तता या एका फेरीने झाली. श्रीरामपूर हे मराठी माणसाला परके गाव नाही: विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मोडी लिपीतला मराठी शब्दकोश १८१० साली इथल्याच छापखान्यात छापला गेला, आणि त्यांच्या रचनेत वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. मराठी छपाईचा आरंभकाळ या घाटापासून काही मिनिटांवर आहे, हे सासूबाईंनी दोनदा विचारून घेतले. या गावाचा आणखी एक धागा आरंभी सांगितलेल्या इतिहासाशी जुळतो. श्रीरामपूर १७५५ पासून डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि १८४५ मध्ये ते इंग्रजांना विकले गेले. म्हणजे १८४३ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनला तिवोलीचे दार उघडले तेव्हा बराकपूरच्या समोरचा हा काठ डेन्मार्कच्याच राजाचा मुलूख होता.

या गावाच्या माहेश भागात जगन्नाथाची रथयात्रा निघते; तिची परंपरा १३९६ पासूनची सांगितली जाते, आणि आजचा लोखंडी रथ १८८५ चा, सुमारे ५० फूट उंच व बारा चाकांचा आहे. रथाच्या निमित्ताने भरणाऱ्या मेळ्यात नागरदोला लागतो. नागरदोला म्हणजेच रहाटपाळणा. नाव वेगळे आहे, पण वर जाताना पोटात पडणारा खड्डा आणि खाली येताना गर्दीत आपले माणूस शोधणारी नजर तीच आहे. लेखिकेची मुलगी सर्वांत खालच्या बैठकीत आजीच्या मांडीला मांडी लावून बसली, आणि पाळणा वर नेला तेव्हा दोघींनी एकाच क्षणी डोळे मिटले.

रथ आषाढ शुद्ध द्वितीयेला निघतो आणि परतीची यात्रा, जिला बंगालीत उल्टोरथ म्हणतात, त्यानंतर आठवड्याभराने होते. ज्यांच्याबरोबर वृद्ध आणि लहान मुले असतील त्यांनी हे दोन्ही गर्दीचे दिवस टाळावेत, मधला एखादा दिवस निवडावा, आणि बराकपूरच्या धोबीघाटावरून सकाळच्या बोटीने नदी ओलांडावी.