काही झालं तर

आमच्या नानांचा सगळा धंदा एका अर्ध्या वाक्यावर चालायचा. "समजा, उद्या काही झालं तर..." बस, एवढंच. पुढचं वाक्य समोरच्याने मनातल्या मनात पूर्ण करायचं.

नाना एलआयसीचे एजंट होते. १९६८ साली एजन्सी घेतली आणि आधी सायकलवर, नंतर एम-एटीवर कऱ्हाडच्या आसपासची गावं पालथी घातली. पाटणपर्यंत, इकडे उंब्रजपर्यंत. मी लहान असताना कधी रविवारी मला पुढे उभं करून न्यायचे. ओसरीवर बसायचं, चहा व्हायचा, ऊस-पाण्याच्या गप्पा व्हायच्या आणि मग बॅगेतून तक्ते निघायचे. त्या अर्ध्या वाक्यापाशी आलं की घरातली बाई हमखास आतून म्हणायची, "असलं अभद्र कशाला बोलता हो भाऊ? काही होत नाही यांना." एक गृहस्थ तर पत्रिका घेऊन आले होते. ज्योतिषाने चौऱ्याऐंशी वर्षं आयुष्य सांगितलंय, मग विमा कशाला? नाना म्हणाले, "मग चौऱ्याऐंशीव्या वर्षी काय करायचं ते तरी बघू." त्यांनी पॉलिसी घेतली नाहीच. आणि दुसरे एक होते, त्यांनी घेतली, वीस वर्षांनी मॅच्युरिटीचा चेक हातात घेतला आणि कुरकुरले, "म्हणजे मी जिवंत राहिलो म्हणून एवढेच होय?" नाना ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगायचे.

बाकी आपल्या भाषेचाही यात मोठा हात आहे. आपण दिवा विझवत नाही, शांत करतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. मंगळसूत्रही वाढवतो, दुकानही वाढवतो. घरातून निघताना 'जातो' म्हणायची सोय नाही, 'येतो' म्हणायचं. पोराच्या नावामागे 'चि.' लावतो, म्हणजे चिरंजीव, आणि तोच माणूस सत्तर वर्षांनी 'कै.' होतो. लहानपणी मला वाटायचं, या दोन अक्षरांमध्ये कुठेतरी चूक झाली असणार. शब्द टाळले की गोष्ट टळते हा विश्वास इतका मुरलेला आहे, की मी स्वतः सायन्स शिकलेली बाई अजूनही 'जाते' म्हणून घराबाहेर पडत नाही. असो.

नानांकडे मृत्युदराचा तक्ता होता. अमुक वयाच्या इतक्या माणसांपैकी वर्षभरात किती जातील, याचे आकडे. मला तो भयंकर वाटायचा. ते म्हणायचे, "अगं, यात कोण ते लिहिलेलं नसतं, किती ते लिहिलेलं असतं." पुढे खूप वर्षांनी मी याबद्दल वाचलं, तेव्हा कळलं की असला एक महत्त्वाचा जुना तक्ता एडमंड हॅलेने १६९३ साली केला होता. धूमकेतूवाला हॅले, तोच. ब्रेस्लाऊ नावाच्या शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्याला मिळाल्या होत्या, त्यावरून त्याने काढला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. मग १८२५ मध्ये बेंजामिन गॉम्पर्ट्झ या विमा-गणित्याने दाखवलं की मोठ्या वयात मरणाची शक्यता ठरावीक वर्षांनी दुप्पट-दुप्पट होत जाते. हल्लीच्या आकड्यांवरून तो काळ साधारण आठेक वर्षांचा येतो. या गणितात वयाचा रकाना आहे. देव मानता का, मरणाची जाणीव आहे का, पत्रिकेत काय आहे, यासाठी रकाना नाही.

हे सगळं नानांना पाठ होतं. यक्षाने धर्मराजाला विचारलेला प्रश्नही ते ओसरीवर बसून सांगायचे. जगातलं सगळ्यात मोठं आश्चर्य कुठलं? तर रोज माणसं यमाच्या घरी जाताना दिसतात आणि उरलेल्यांना वाटतं, आपण राहणार. "धर्मराज चांगला एजंट झाला असता," हे त्यांचं नेहमीचं पालुपद.

तर अशा माणसाला २००९ च्या जुलैत कावीळ झाली. दुखत काहीच नव्हतं, फक्त अंगाला खाज आणि वजन उतरत चाललेलं. स्कॅन झाला. डॉक्टरांनी दादाला आणि मला कॉरिडॉरमध्ये बोलावून सांगितलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत गेलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. महिने सांगितले, वर्षं नाही. नाना दहा पावलांवर, पडद्याच्या आड, चष्मा लावून पेपर वाचत होते. त्यांचा आजार, त्यांचं शरीर, आणि त्यांना सोडून सगळ्यांना सांगून झालं.

रात्री घरी बैठक बसली. काका म्हणाले, "त्याला कळता कामा नये. हाय खाईल तो." आईने नुसती मान हलवली. हाय खाणे. काय जबरदस्त शब्द आहे! म्हणजे रोगाने नव्हे, माणूस बातमीने मरतो. मला पटलं नव्हतं, पण मी विरोध केला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं, कारण विरोध केला असता तर सांगायचं काम माझ्यावर आलं असतं. पित्तनळीत खडा अडकलाय असं ठरलं. नळीत स्टेंट टाकला, कावीळ उतरली, तेव्हा त्या खड्याला पुरावाही मिळाला.

मग सुरू झालं नाटक. रिपोर्टची फाईल माझ्या पर्समध्ये. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दारातच गाठून कानात सांगायचं, "त्यांना माहीत नाहीये." गणपतीत मामा आले, ते नानांना बघून अंगणात जाऊन रडले आणि आत येऊन म्हणाले, "तब्येत छान आहे की!" नाना म्हणाले, "हो ना, खडाच आहे नुसता." मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. काही कळलं नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते.

सप्टेंबरच्या शेवटी मी चार दिवस राहायला गेले होते. रात्री त्यांच्याजवळ मी एकटीच. लाईट गेलेले, मेणबत्ती लावलेली. बराच वेळ गप्प होते, झोपले असं वाटलं. मग म्हणाले, "पोरी, काही झालं तर..."

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. झटकन म्हणाले, "नाना, असलं काही बोलायचं नाही हं. काही होणार नाहीये तुम्हाला."

ते हसले. ते हसू मला ओळखीचं होतं. ओसरीवर आतून बाईचा आवाज आला की ते असेच हसायचे, तक्ते गोळा करायचे, बॅगेचा पट्टा लावायचे आणि विचारायचे, यंदा पाऊस कसा आहे. मला त्यांनी विचारलं, "पुण्यात पाणी भरलंय का गं धरणात?"

मी सांगितलं, भरलंय.

तीस-चाळीस वर्षं लोकांच्या ओसरीवर जे वाक्य पूर्ण करता आलं नाही, ते त्यांनी घरात करून बघितलं आणि मी त्यांचं गिऱ्हाईक झाले. त्यांना माहीत होतं का? दादा म्हणतो, शंभर टक्के. इतकी वर्षं डेथ क्लेमचे फॉर्म भरणाऱ्या माणसाला वजन का उतरतंय हे कळणार नाही? आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, त्यांना काही ठाऊक नव्हतं, सुखाने गेले. कागदपत्रं तर नीट लावलेली होतीच, पण त्यावरून काय ठरवणार? ती कायमच नीट असायची. त्यांना आजाराबद्दल बोलायचं होतं की आईच्या पेन्शनच्या पॉलिसीबद्दल, की आणखी कशाबद्दल, हे मला माहीत नाही. कदाचित नुसतं "विहिरीची मोटर दुरुस्त करा" एवढंच असेल.

दिवाळी झाली आणि नोव्हेंबरच्या मध्यावर ते गेले. साडेतीन महिने. तेराव्याला काका म्हणाले, "बघा, सांगितलं नाही म्हणून एवढे तरी काढले." हा युक्तिवाद कधीच हरत नाही. आठ दिवसांत गेले असते तर काका म्हणाले असते, कुणीतरी सांगितलं असणार. मी तेव्हा बोलले नाही. काकांवर रागही नाही, भाऊ जात होता त्यांचा. पण माझं मत आज स्पष्ट आहे. गाठीला काहीही माहीत नव्हतं, आम्ही काय ठरवलंय, काय लपवलंय. ती तिच्या गतीने वाढली. आमच्या गप्प बसण्याने तिचा एक दिवस इकडेतिकडे झाला असेल असं मला वाटत नाही. बदललं ते फक्त त्या खोलीतलं बोलणं, आणि ते मी बंद केलं. त्या वेळी मला ते प्रेम वाटलं होतं. आता वाटतं, त्यात भीतीच जास्त होती, आणि तीही माझी, त्यांची नाही.

दादा हे वाचेल. त्याला यातलं काही वेगळं आठवत असेल तर त्याने फोन करावा.

आता माझ्या नावामागे 'कै.' लागायला बहुधा थोडा अवकाश आहे, पण गॉम्पर्ट्झसाहेबांच्या हिशेबाने नानांच्या वेळेपेक्षा माझी शक्यता चौपटीच्या आसपास गेलेली आहे. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये इच्छापत्राला मान्यता दिली, म्हणजे शेवटच्या टप्प्यात मला कृत्रिमरीत्या जगवत ठेवू नका असं आधीच लिहून ठेवायला. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी मसुदा केलाय. त्यात एक वाक्य जास्तीचं घातलंय, कायद्याला नको असलेलं: माझा रिपोर्ट आधी मला दाखवावा.

गेल्या रविवारी मुलगा जेवायला आला होता. ताट वाढता वाढता मी म्हटलं, "अरे, एक कागद दाखवायचाय. उद्या मला काही झालं तर..."

"आई, जेवताना काय हे! काही होत नाही तुला. आमटी वाढ."

आमटी वाढली. फाईल टीव्हीच्या टेबलावर आहे. या रविवारी तो परत येतोय, तेव्हा जेवण झाल्यावर काढीन.