दाढेचा फोटो

ठणका लागला की नेमकी कुठली दाढ दुखतेय हे ज्याचं त्याला कळतं, असं आपण धरून चालतो. मला खालची डावी दाढ दुखत होती. गार पाणी प्यायलं की कळ थेट कानापर्यंत जायची, रात्री उशीला गाल टेकवायची सोय नव्हती. लवंग धरायचो तीही खालीच. त्या दाढेत जुनी चांदी भरलेली, म्हणजे संशयाला जागाच नव्हती.

तेव्हा मी कोल्हापूरला मुलाकडे होतो. तिथल्या एका दवाखान्यात गेलो. दारातल्या मुलीनं विचारलं, "काका, कुठली दाढ?" मी बोट दाखवलं. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच तिनं तोंडात पट्टी सरकवून फोटो काढलासुद्धा. मग डॉक्टर आले. त्यांनी आधी पडद्याकडे बघितलं, नंतर माझ्याकडे. "चांदी खोल आहे, नस जवळ आहे. रूट कॅनॉल करून टाकू, वर कॅप."

मी म्हटलं, विचार करून सांगतो, फोटो तेवढा द्या. त्या मुलीनं मोबाईलनं पडद्याचा फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यात दाढेच्या मुळाच्या टोकावर बरोबर छताच्या ट्यूबलाईटची पांढरी रेघ आलेली. कराडला आमचा वडिलांपासूनचा फोटो स्टुडिओ. उभा जन्म लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढण्यात गेला. दुखणं बाजूला राहिलं, मला त्या रेघेचाच राग आला.

कराडला परतल्यावर आमच्या पेठेतल्या डॉक्टरबाईंकडे गेलो. वयानं माझ्या मुलीसारख्या. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवायला सांगितला आणि प्रश्न सुरू केले. गारानं दुखतं की गरमानं? दुखायला लागलं की किती वेळ टिकतं? झोपेतून जाग येते का? चावताना दुखतं का? मग आरशाच्या दांड्यानं डाव्या बाजूचा एकेक दात वरून ठोकून बघितला. त्यानंतर कापसाच्या बोळ्यावर डब्यातला बर्फासारखा गार फवारा मारला आणि तो बोळा एकेका दाताला लावत गेल्या. खालच्या चांदीच्या दाढेला झिणझिणी आली आणि गेली. वरच्या दाढेला बोळा लागला मात्र, मी खुर्चीतून उठायचाच बाकी राहिलो. बोळा काढला तरी कळ उतरेना.

"काका, दुखतेय ती वरची," त्या म्हणाल्या. "आतली नस सुजली की ती वरच्या जबड्यातली की खालच्या, हे मेंदूला नीट कळत नाही. डावं-उजवं मात्र सहसा चुकत नाही."

आणि आता त्यांनी फोटो काढायचं ठरवलं. का काढायचा तेही सांगितलं. वरच्या दाढेत बाहेरून भोक दिसत नव्हतं. कीड दोन दातांच्या मधल्या फटीत असणार, ती किती खोल गेलीय ते बघायचं होतं, आणि मुळांच्या टोकांशी हाड शाबूत आहे का तेही. कोल्हापुरात आधी फोटो झाला, मग त्यात सापडेल ते माझं दुखणं ठरलं. इथे आधी दुखणं शोधलं, मग फोटोला प्रश्न विचारला. पेशंट म्हणून आपल्याला यंत्रातलं काही कळलं नाही तरी चालेल, पण 'यात तुम्ही काय बघणार आहात?' एवढं विचारायलाच हवं. ज्या फोटोला प्रश्न नाही, त्याचं उत्तर कुणीही कसंही वाचतं.

एकाच दाताच्या या फोटोला दवाखान्यात 'आयओपीए' म्हणतात. डिजिटल असेल तर 'आरव्हीजी'. त्यात दोन-तीन दात वरच्या टोकापासून मुळापर्यंत आणि भोवतीचं थोडं हाड येतं. सगळा जबडा एका पट्टीत येतो तो ओपीजी. त्याला यंत्र तोंडाभोवती फिरतं, तोंडात फिल्म किंवा सेन्सर घालावा लागत नाही. पण एका दाताची बारीक कीड बघायला तो कमी पडतो. मुळांची गुंतागुंत असली तर सीबीसीटी, म्हणजे तिन्ही बाजूंनी बघता येणारा स्कॅन. छोटं काम छोट्या फोटोत होत असेल तर मोठा कशाला, असा साधा हिशोब.

तोंडात जातो तो सेन्सर साधारण ३ बाय ४ सेंटिमीटरचा, कडक, मागे वायर, वर प्लास्टिकची पिशवी. ती पिशवी प्रत्येक पेशंटला नवी असते ना, हे बघायला लाजू नये. वरच्या दाढेसाठी तो टाळूला टेकवतात, आणि तिथेच ओकारी येते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाकानं श्वास घ्या आणि उजवा पाय थोडा वर धरा." पायाचा नि तोंडाचा काय संबंध म्हणत मी पाय उचलला, आणि लक्ष तिकडे गेल्यामुळे ओकारी खरंच थांबली. चष्मा काढून ठेवला. काढता येणारी कवळी असेल तर तीही काढायची, नाहीतर धातूची तार नेमकी हव्या त्या जागेवर येऊन बसते.

सेन्सर एका रिंगच्या पकडीत होता आणि मी दात आवळून पकड धरली होती. डॉक्टरबाई दाराबाहेर गेल्या, 'टुक' आवाज झाला, संपलं. त्या बाहेर का गेल्या, हे भीतीपोटी सगळेच विचारतात. आपल्याला वर्षात एखाद-दुसरा फोटो; त्यांना तेच काम रोज, वर्षानुवर्षं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८९६ पासून दातांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. किरण किती घातक आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांची बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. म्हणून आज कुणी डॉक्टर किंवा मदतनीस पेशंटच्या तोंडात फिल्म स्वतःच्या बोटानं धरत असेल तर ते त्यांच्याच जिवावरचं आहे. धरायची असेल तर पकडीनं, नाहीतर पेशंटनं स्वतःच्या बोटानं.

आपल्या वाट्याला येतो तो डोस मी विचारून घेतला. एका दाताच्या डिजिटल फोटोला साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट, थोडा इकडे-तिकडे. जमिनीतून, हवेतून, आकाशातून जो किरणोत्सार आपल्या अंगावर येतच असतो, त्याची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. थोडक्यात, एक फोटो म्हणजे एका दिवसाच्या आतलं जगणं. राँटगेनचा एक्स-रेचा शोध जाहीर झाल्यावर जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ऑटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचा पहिला फोटो काढला, तेव्हा काचेची प्लेट तोंडात धरून त्यांना २५ मिनिटं बसावं लागलं होतं! आता सेकंदाचा अंश पुरतो. तरी डोस कमी म्हणजे शून्य नव्हे. कामाशिवाय एकही फोटो नको, हा नियम राहतोच.

किरण अडवायच्या शिशाच्या एप्रनवरून सुनेनं मला टोकलं. तिला दिवस गेलेले, तिलाही दात दाखवायचा होता. मी परस्पर विचारून आलो. दाताच्या फोटोचे किरण बारीक नळीतून तोंडाकडे सोडलेले असतात, पोटापर्यंत नगण्य पोहोचतात. गरज असेल तर गरोदरपणातही फोटो काढता येतो, आणि दातातला पू तसाच ठेवणं आईला जास्त त्रासाचं. अमेरिकन डेंटल असोसिएशननं तर फेब्रुवारी २०२४ मध्ये एप्रन आणि गळ्याच्या पट्ट्याची सरसकट गरज नाही असं सांगितलं, कारण नवी यंत्रं किरण नेमक्या जागी सोडतात आणि एप्रन मध्ये आला तर फोटो पुन्हा काढावा लागतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी अजून एप्रन देतात. मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. सुनेनं मागून घेतला. डॉक्टरांना दिवस गेल्याचं सांगायचं मात्र विसरायचं नाही. आणि यंत्राला मुंबईच्या अणुशक्तीनगरमधल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, हेही तिथेच कळलं. विचारलं तर दवाखान्याला दाखवता आलं पाहिजे.

फोटो पडद्यावर आला तेव्हा मी खुर्ची वळवून घेतली. दाताचं बाहेरचं कवच सगळ्यात पांढरं, आतला भाग राखाडी, मधली नस काळी. मुळाभोवती केसाएवढी काळी रेघ आणि तिला लागून बारीक पांढरी किनार. ती सलग दिसली की हाड ठीक. पुढच्या दातामधल्या फटीत राखाडीत एक काळसर पाचर घुसलेली, तिचं टोक नसेच्या अगदी जवळ. "फोटोत दिसते त्यापेक्षा कीड प्रत्यक्षात थोडी जास्तच असते," त्या म्हणाल्या.

मुळांच्या वर एक मोठा काळा भाग होता. मी घाबरून विचारलं, हा पू का? ते सायनस निघालं, वरच्या जबड्याच्या हाडातली हवेची पोकळी. वरच्या दाढांच्या फोटोत ती येतेच. खालच्या जबड्यातही असाच एक फसवा काळा ठिपका असतो, पुढच्या दाढांच्या मुळांजवळ. नस बाहेर पडायचं ते भोक, रोग नव्हे.

पण डॉक्टरबाईंची सगळ्यात कामाची गोष्ट वेगळी होती. नस सुजलीय हे फोटोत दिसतच नाही! ते गार बोळ्यानं सांगितलं. मुळाशी हाड झिजायला लागलं तरी बरंच झिजल्याशिवाय, म्हणजे साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय, काळा डाग उमटत नाही. दाताला उभी चीर गेली असली तरी ती बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणजे 'फोटो क्लिअर आहे' याचा अर्थ 'दात निरोगी आहे' असा होत नाही, आणि फोटोत काहीतरी दिसलं म्हणजे तेच दुखतंय असंही नाही.

कोल्हापूरचा फोटोही त्यांनी टाकून दिला नाही. मुलाला त्या दवाखान्यातून मूळ फाईल ईमेलवर मागवायला सांगितली. ट्यूबलाईटची रेघ गेली, मुळाभोवतीची किनार सलग निघाली. खालच्या दाढेचा पुन्हा फोटो न काढता, ती न खणता, तशीच लक्ष ठेवायला सोडली. फाईल मागताना दाताचा नंबर आणि तारीख बघून घ्यावी. डॉक्टरांच्या भाषेत वरची डावी सहावी म्हणजे २६, खालची डावी सहावी म्हणजे ३६. पहिला आकडा जबड्याचा भाग, दुसरा मधल्या रेषेपासून दाताचा क्रमांक. एवढं कळलं तरी कागदावरचा दात आणि तोंडातला दात एकच आहे का ते ताडता येतं.

२६ नंबरचं रूट कॅनॉल झालं. त्यात आणखी फोटो निघाले: आत बारीक सुई घालून, भरायच्या वेळी, आणि भरून झाल्यावर. मुळाची लांबी मोजायला विजेचं छोटं यंत्रही होतं, त्यामुळे एखादा वाचला असेल. वरच्या दाढेला तीन मुळं, दोन गालाकडची, एक टाळूकडचं, आणि गालाकडच्या एका मुळात अनेकदा दोन वाटा असतात, एकीमागे एक. सरळ फोटोत त्या एकच दिसतात. डॉक्टरबाईंनी नळी जरा पुढच्या बाजूनं तिरकी धरली आणि दुसरी वाट बाजूला सरकून आली. हे मला सांगावं लागलं नाही. ग्रुप फोटोत एका मामामागे दुसरे मामा लपले की कॅमेरा बाजूला न्यायचा, हे मी कॅमेरा धरायला लागलो तेव्हापासून करत आलोय. एका दाताचे दोन कोनांतून फोटो निघाले तर बिल वाढवायला काढले असं लगेच धरू नये. कोन का बदलला, एवढं विचारावं.

पूर्वी हे सगळं फिल्मवर व्हायचं. आमच्या पेठेतले एक जुने दंतवैद्य हायपो, म्हणजे फिल्म पक्की करायचं रसायन, संपला की आमच्याकडे माणूस पाठवायचे. टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढी फिल्म क्लिपला लटकलेली असायची, एका कोपऱ्यात छोटा उंचवटा, उजवं-डावं कळायला. नीट न धुतलेल्या फिल्म काही वर्षांत तपकिरी पडायच्या. आताची फाईल पिवळी पडत नाही, पण मोबाईल बदलला की हरवते. मी ईमेलवर ठेवलीय. वर्षानंतर तपासणीचा फोटो निघाला तेव्हा जुना शेजारी ठेवून मुळांची टोकं ताडून बघितली. किनार जागेवर होती. जुन्याशिवाय नव्या फोटोला निम्मीच किंमत.

गेल्या महिन्यात बायकोला पुढच्या दातांना गार लागायला लागलं. माझ्या अनुभवावर ती तयारीनंच गेली, चष्मा आधीच पर्समध्ये. डॉक्टरबाईंनी बोळा लावला, आरसा तिच्या हातात दिला आणि हिरडीजवळ ब्रश जोरात घासून पडलेल्या खाचा दाखवल्या. "काकू, हे डोळ्यांनी दिसतंय, फोटो नको. मऊ ब्रश आणा आणि आडवा घासू नका." घरी येताना ती जरा नाराजच होती. म्हणाली, "तुमच्या दाढेचा अख्खा अल्बम, आणि माझा एक फोटो नाही."