रक्तांतील मोळी

मोळी म्हटली म्हणजे आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें सरपणच उभें राहील. परंतु रक्ताचा थेंब कांचेच्या पट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला असतां कधीं कधीं पेशीच्या पोटांतही मोळी दिसते, आणि ती दिसतांच रुग्णालयांत एकच धांवपळ उडते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल.

१९०६ सालीं जॉन ऑअर ह्या अमेरिकन डॉक्टरांनीं तीव्र ल्यूकेमियाच्या एका रोग्याच्या पांढऱ्या पेशींत बारीक काड्या पाहून त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. अशी एकच काडी दिसली, तरी रोग लसिकापेशींचा नसून मज्जापेशींच्या कुळांतला आहे, एवढें समजतें; आणि कूळ समजल्यावांचून औषध ठरत नाहीं. काड्यांची मोळीच्या मोळी दिसली, म्हणजे मात्र नॉर्वेच्या हिलेस्टाड ह्यांनीं १९५७ सालीं निराळा म्हणून दाखविलेल्या प्रकाराचा दाट संशय घ्यावा. ह्यांत रक्त गोठण्याची व्यवस्थाच बिघडते, आणि रोगी पुष्कळदां पहिल्या कांहीं दिवसांतच रक्तस्रावानें दगावतो. कांहीं रोग्यांत मोळी आढळत नाहीं. तेथें पेशीचें केंद्र फुलपाखराच्या पंखांप्रमाणें दुभंगलेलें असतें. अननुभवी डोळा येथेंच फसतो.

आमच्या परिचयाच्या एका घरीं तरुण सुनेच्या हिरड्यांतून रक्त येऊं लागलें, अंगावर काळेनिळे डाग उठले. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून गुलकंदावर आठ दिवस गेले. सुदैवानें रक्त तपासणाराच्या नजरेस मोळी पडली व त्याच सायंकाळीं औषध सुरू झालें. म्हणून ती आज मुलाबाळांत हिंडतेफिरते आहे.

तें औषध ‘अ’ जीवनसत्त्वाच्याच जातीचें. १९८८ सालीं शांघायच्या डॉक्टरांनीं २४ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. चोवीसही जणांच्या रोगाच्या खुणा नाहींशा झाल्या होत्या. तें पेशींस मारण्याऐवजीं वाढ खुंटलेल्या पेशींस वयांत आणतें! पुढें चिनी डॉक्टरांनींच त्याच्या जोडीस सोमल आणला. एरवीं जीव घेणारें विष येथें जीव वांचवूं लागलें.

पंधराव्या व सतराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल सिद्ध झाल्यावरच निदान पक्कें होतें, हें खरें; पण त्या परीक्षेची वाट पाहत औषध अडवूं नये, असा आजचा दंडक आहे. पेशीचा आकार ही साक्ष होय, निकाल नव्हे. मात्र साक्ष देण्यास रक्ताचा थेंब कांचेवर वेळीं पोंचला पाहिजे, आणि तें काम डॉक्टरांचें नसून घरच्या वडीलधाऱ्यांचें आहे. अकारण रक्त येऊं लागल्यास घरगुती उपायांत दिवस घालवूं नयेत. त्याच दिवशीं रक्त तपासून घ्यावें.