देहाची वहिवाट

देवापुढे सांजवात लावून झाल्यावर आपल्याकडील वृद्ध माणसे हात जोडून जे मागतात, त्यात धनाची वा मानाची अपेक्षा नसते आणि शंभर वर्षे जगण्याचीही सहसा नसते. ‘हातपाय चालते आहेत तोवर ने रे बाबा, अंथरुणात पडून कुणाच्या हातचं करून घ्यायची वेळ आणू नकोस,’ एवढाच त्या अर्जाचा मजकूर असतो. मरणाचे भय ज्यांनी पचविले आहे अशा माणसांनाही परस्वाधीनतेचे भय सोडीत नाही, आणि ते भय सर्वथैव यथार्थ आहे. या प्रार्थनेविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तथापि हातपाय चालते राहणार की नाहीत याचा फैसला केवळ वरच्या दरबारात होत नसून त्यातला बराचसा भाग आपल्या माजघरात, न्हाणीत आणि जिन्याच्या पायऱ्यांवर रोजच्या रोज होत असतो, आणि वृद्धांवर ज्यांचे निरतिशय प्रेम आहे त्यांच्याच हातून तो पुष्कळदा वृद्धांच्या विरुद्ध जातो, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

जमिनीच्या व्यवहारात वहिवाटीला केवढे महत्त्व असते, हे गावाकडे ज्याचे वावर आहे त्याला निराळे सांगावे लागत नाही. दस्तऐवज कितीही जुना आणि शिक्कामोर्तब झालेला असो, मालकाने बारा वर्षे जमिनीकडे पाठ फिरविली आणि त्या अवधीत दुसऱ्याने ती आपली म्हणून उघडपणे कसली, तर मालकाचा दावा मुदतबाह्य ठरतो. देहावरचा आपला हक्कही असाच वहिवाटीवर टिकून असतो. मात्र देहाचा कायदा दिवाणी कायद्याहून फार कठोर आहे आणि तो बारा वर्षांची सवलत कोणालाही देत नाही. अमेरिकेत डॅलस येथे १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना केवळ प्रयोगासाठी तीन आठवडे बिछान्यात निजवून ठेवले होते आणि त्यामुळे त्यांचा दमसास किती खालावतो याचे मोजमाप घेतले होते. तीस वर्षांनी, ते पाचही जण पन्नाशीला पोहोचले असता, त्यांचीच पुन्हा तपासणी झाली, तेव्हा वय वाढण्याच्या तीस वर्षांनी जेवढी हानी केली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने केली होती, असे निष्पन्न झाले. पुढे त्याच पाच जणांना सहा महिने बेताबेताने व्यायाम दिल्यावर त्या तीस वर्षांत गमावलेला दमसास त्यांना परत मिळाला, हीही हकीकत तितकीच महत्त्वाची आहे.

पायांच्या स्नायूंत दोन तऱ्हेचे तंतू असतात: काही सावकाश आणि दीर्घकाळ राबणारे, तर काही एकदम जोर लावणारे. वय वाढू लागले म्हणजे ओहोटी प्रथम लागते ती या दुसऱ्या प्रकाराला. आणि उंबरठ्याला पाय अडखळला असता क्षणार्धात दुसरा पाय पुढे टाकून तोल सावरण्याचे काम नेमके त्यांच्याकडे असते. म्हणून पेन्शनीत निघालेल्या गृहस्थांनी सकाळी बागेत घातलेल्या संथ फेऱ्यांची महती मी यत्किंचितही कमी लेखीत नसलो, तरी तेवढ्याने भागते असे मला वाटत नाही. जमिनीवरून उठणे, जिना चढणे, पाण्याने भरलेली बादली उचलणे, या क्रिया त्या तंतूंना कामाला लावतात. आपल्या जुन्या घरांतील सारा दिनक्रमच भुईशी जखडलेला होता: पूजा पाटावर, जेवण पंक्तीत मांडी घालून, भाजी विळीवर, निजणे सतरंजीवर, आणि प्रातर्विधी उकिडवे बसून, त्यामुळे व्यायाम हे नाव कधीही न घेता बायामाणसे दिवसाकाठी कितीतरी वेळा भुईवर बसत आणि भुईवरून उठत. त्या घरांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पहाटेच्या जात्याने कित्येक स्त्रियांचे तारुण्य भरडून काढले, आणि उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा घरात आला तो त्यांच्या कमरेवर उपकार करणारा ठरला. परंतु ओटा, टेबल, पलंग आणि कमोड हे एकामागून एक घरात आले तेव्हा भुईवरून उठण्याची आपली विद्या कोणताही ठराव न होता रद्द झाली, हेही तितकेच खरे. ब्राझीलमधील वैद्यांनी एक्कावन्न ते ऐंशी या वयाच्या दोन हजारांवर माणसांना जमिनीवर बसून पुन्हा उठावयास सांगितले, आणि हात वा गुडघा टेकावा लागला की गुण वजा केले. पुढील काही वर्षांत ज्यांना अधिक टेकावे लागले होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. गुडघे झिजलेल्यांनी हा प्रयोग हट्टाने करू नये, कारण त्यांच्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणे ही पहिली पायरी पुरेशी आहे.

आमच्या नात्यातल्या एक काकू रत्नागिरीकडच्या एका गावी राहत. पंच्याहत्तरी उलटून गेल्यावरही परसातल्या विहिरीवरून सकाळची कळशी आणणे, पूजेची फुले काढणे आणि विळीवर बसून नारळ खवणे ही तीन कामे त्यांनी कोणाच्या हाती जाऊ दिली नव्हती. एका श्रावणात शेवाळलेल्या पायरीवरून त्या घसरल्या आणि मनगटाचे हाड मोडले. मुलगा आणि सून दोघेही स्वभावाने सोन्यासारखी. त्यांनी धसका घेतला. ‘आई, तुम्ही बसा हो. आता काय करायचं राहिलंय? रामाचं नाव घ्या,’ असे सून म्हणे, आणि तिच्या त्या शब्दांत मायेवाचून दुसरे काही नव्हते. कळशी गेली, ओल्या दगडांचे भय म्हणून फुलेही गेली, हात सांधल्यावर नारळ तरी खवू दे असे काकूंनी म्हटले, तर विळीची धार आड आली, आणि शेवटी ताटसुद्धा खाटेवर येऊ लागले. वर्ष उलटण्याच्या आत त्यांना आधारावाचून उभे राहता येईना. मोडले होते मनगट. निकामी झाले ते पाय. एखाद्या वतनदाराच्या घरी भल्या मनाच्या भाऊबंदांनी एकेक शेत ‘तुम्हाला त्रास नको’ म्हणून आपल्याकडे घ्यावे आणि अखेर वतनदाराजवळ नुसते नाव उरावे, असा तो प्रकार होता, आणि त्याबद्दल फिर्याद तरी कोणावर करावयाची?

अशा अवस्थेतूनही माघारी येता येते, यावर माझा विश्वास बसला तो बोस्टन येथील एका प्रयोगाने. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतात वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बळ स्त्रीपुरुषांची हकीकत आहे. आठ आठवडे त्यांच्याकडून मांडीच्या स्नायूंनी वजने उचलून घेतली, तीही नाममात्र नव्हेत, चांगली जड; आणि ज्या नऊ जणांनी क्रम तडीस नेला त्यांच्या पायांचे बळ सरासरीने पावणेतीनपटीच्या घरात गेले. दोघांनी तर हातातली काठी सोडून दिली. काकूंच्या बाबतीत तालुक्याच्या डॉक्टरांनी वजने दिली नाहीत. सकाळ-संध्याकाळ खाटेवरून स्वतः उठून उभे राहण्याची ताकीद दिली, आणि सुनेला, काकू उठत असताना हात पुढे करावयाचा नाही, अशी त्याहून अवघड ताकीद दिली. विहिरीवर काकू पुन्हा कधी गेल्या नाहीत. न्हाणीत मात्र त्या आपल्या पायांनी जाऊ लागल्या, आणि विळी त्यांना परत मिळाली.

महर्षी अण्णासाहेब कर्वे १८५८ ते १९६२ एवढे दीर्घ आयुष्य जगले, ते चालल्यामुळेच जगले असे विधान कोणी करू नये, कारण आयुर्मर्यादेचा हिशेब इतका सोपा नसतो. परंतु त्यांच्या पायांची कहाणी मनन करण्याजोगी आहे. कुमारवयात परीक्षेसाठी ते मुरुडाहून साताऱ्यापर्यंत शंभर मैलांहून अधिक वाट पायी चालून गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून झाल्यावर हिंगण्याच्या आश्रमाकडे पावसाचिखलातून पायी जाणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असता, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवे मंडळ काढले, आणि त्याकरिता वर्गणी मागत ते स्वतः दारोदार हिंडले. त्या वयात त्यांना ‘अण्णा, तुम्ही बसा’ असे सांगणारे हितचिंतक अवतीभवती नसतील असे संभवत नाही. पण बसण्याइतकी रिकामी जागा त्यांच्या दिवसात नव्हती, आणि माझ्या मते त्यांच्या स्वाधीनतेचे मूळ व्यायामाच्या निश्चयाहूनही या निकडीत अधिक होते. ज्याची कोणी वाट पाहत आहे असे काम हाती असले म्हणजे पाय आपण होऊन उंबऱ्याबाहेर पडतात.

म्हणून मुलासुनांना माझे आर्जव एवढेच आहे की, प्रेमाने वृद्धांची कामे काढून घेण्याऐवजी ती कामे निर्धोक करण्याची तजवीज त्यांनी करावी. न्हाणीत भिंतीला मजबूत दांडी बसवावी, गुळगुळीत फरशी काढून खरबरीत घालावी, जिन्यावर चांगला दिवा लावावा, चष्म्याचा नंबर वेळेवर तपासून घ्यावा, चक्कर आणणारे एखादे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. आणि पदपथावरील उखडलेल्या फरश्यांबद्दल नगरपालिकेकडे एक नव्हे दहा अर्ज करावेत, कारण घराबाहेरचा रस्ता म्हाताऱ्या पायांना जोखमीचा झाला की घरातली सारी तजवीज अपुरी पडते. एवढा बंदोबस्त झाल्यावर त्यांच्या हाती पिशवी देऊन कोथिंबीर आणावयास मंडईत पाठवावे, आणि परत यावयास अर्धा तास अधिक लागला तरी त्यांना शोधण्यासाठी मागाहून कोणालाही धाडू नये.