नागपूरच्या वाटेवरची शेजारीण

जबलपूरच्या गढ्यातल्या मराठी घरांत ही बाई आली १९९३ साली, रविवारी सकाळी दूरदर्शनवरून, मोगलीचं बोट धरून. जबलपूरहून नागपूरला जाताना सिवनी लागतं, आणि किपलिंगचा मोगली तिथल्याच रानातला. त्यामुळे निप्पॉन ॲनिमेशनची ही मोगलीची मालिका इथे कुणाला परकी वाटलीच नाही. शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा. तो कानावर पडला की दाढी करता करता बाबाही बाहेर डोकावायचे. पण मुलांच्या वेळेला आली, म्हणून सगळ्यांनी तिला पोरच समजलं. तिला, म्हणजे जपानी ॲनिमेशनला, या गैरसमजाचा अजून राग आहे.

स्वभावाने काटकसरी. १९६३ मध्ये ओसामू तेझुका यांनी ‘ॲस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला टीव्हीवर आणायला घेतला, तेव्हा पैसा थोडा आणि वेळ त्याहून थोडा. मग चेहरा स्थिर ठेवायचा, नुसते ओठ हलवायचे, अशा युक्त्या निघाल्या. पुढे पैसा आला, तरी गप्प बसायची सवय अंगात मुरलीच. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये पाण्यातून आगगाडी चालते, मुलगी खिडकीपाशी बसून राहते आणि गोष्ट तेवढा वेळ खुशाल थांबते. नवख्याला वाटतं, नेट अडकलं.

नटवीही आहे. भाताची वाफ, ओली छत्री, बुटावरचा चिखल, सगळं तिला नीट मांडून दाखवायचं असतं. माकोतो शिंकाई यांच्या ‘द गार्डन ऑफ वर्ड्स’मधला टोकियोचा पाऊस पाहिल्यावर मदनमहालच्या शिळांवर कोसळणारा आपला जुलैही माणूस जरा थांबून बघतो.

वाईट कोण ते मात्र सांगायची नाही. दिग्दर्शक मियाझाकींच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’त जंगल तोडून लोखंड गाळणारी एबोशी कुष्ठरोग्यांना आणि विकल्या गेलेल्या बायकांना आसरा देते. मग कुणाची बाजू घ्यायची? जेवणं उरकली तरी घरात वाद चालूच.

तिची खरी उंची कळते ती ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मध्ये. इसाओ ताकाहाता यांनी हा चित्रपट १९८८ मध्येच केला होता. मोगली आपल्याकडे आला त्याच्या पाच वर्षं आधी. गोष्टीतलं साल १९४५. कोबे शहरावर आगीचे बॉम्ब पडतात, आई जाते. चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको नात्यातल्या बाईकडे राहतात. आईचे किमोनो विकून तांदूळ येतो, पण हळूहळू यांच्या वाटीत नुसती पेज उरते. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या हल्ल्यातून जीव घेऊन पळाले होते.

जबलपूर तोफा-दारूगोळ्याचं गाव. १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी, पुढे खमरियाचा दारूगोळा कारखाना. फॅक्टरीत उभं आयुष्य काढलेले आमच्या गल्लीतले एक आजोबा नातीच्या हट्टापायी हा चित्रपट बघायला बसले. संपल्यावर म्हणाले, “त्या लेकरांना शेजारच्यांनी दोन घास का नाही गं घातले?” बॉम्बबद्दल चकार शब्द नाही. नातीला ते खटकलं. मला वाटतं, आजोबांनी अगदी बरोबर पाहिलं. हा निव्वळ युद्धविरोधी चित्रपट नाही, असं ताकाहाताही सांगत.

ओळख करून घ्यायचीच असेल तर मात्र त्यांच्याच ‘ओन्ली यस्टरडे’पासून करा. सत्तावीस वर्षांची, लग्न न झालेली ताएको ऑफिसातून रजा काढून खेड्यात करडईची फुलं वेचायला जाते आणि पाचवीतलं सगळं आठवत बसते. घरात पहिल्यांदा आलेलं अननस, कापायचं कसं ते कुणालाच ठाऊक नाही. नाटकात काम मिळत असताना वडिलांनी दिलेला नकार. राक्षस नाहीत, लढाया नाहीत. गढ्यातल्या आई-काकूंना ही ताएको लगेच कळेल. मुलं झोपली की लावा, आणि मध्येच चहाला उठू नका.