पापडखार आणि त्सुकेमेन

तर झालं असं की, परवाच्या रविवारी मी घरी जपानी नूडल्स केल्या. मॅगीचा भाऊ नव्हे हो, पार मैदा मळण्यापासून! ह्या प्रकाराचं नाव त्सुकेमेन. नूडल्स वेगळ्या, गार. आणि घट्ट, खारट, गरम सूप वेगळ्या वाटीत. बुडवायचं आणि सुर्र करून ओढायचं. टोकियोतल्या ताईशोकेन नावाच्या दुकानात काम करणारी माणसं उरलेल्या नूडल्स सुपात बुडवून खायची. तेच तिथल्या काझुओ यामागिशी ह्यांनी १९५५ साली गिऱ्हाइकांसाठी सुरू केलं. म्हणजे मूळचं हे शिळंपाकंच. आपल्या फोडणीच्या पोळीसारखं!

आता बदलापुरात बसून हे करायचं म्हणजे पहिला प्रश्न कान्सुईचा. हे क्षाराचं पाणी. ते घातल्याशिवाय नूडल्सना तो पिवळेपणा आणि चिवटपणा येत नाही. इंटरनेटवर म्हणतात, खायचा सोडा ओव्हनमध्ये तासभर भाजा, त्याचा सोडियम कार्बोनेट होतो. मी आईला हे मोठ्या ऐटीत समजावत होतो. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "अरे, म्हणजे पापडखार की!"

घ्या. चार वर्षं केमिकल इंजिनिअरिंग करून (आणि मग सॉफ्टवेअरमध्ये येऊन) मला जे सुचलं नाही, ते हिला शेंगा सोलता सोलता सुचलं.

मग दोन स्टेशनं मागे, उल्हासनगरला गेलो. पापडखार बदलापुरातही मिळतो म्हणा, पण पापडाचा विषय आणि उल्हासनगर नाही, असं कसं चालेल? फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी लोकांनी हे गाव उभं केलं. १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर नाव मिळालं. घरदार सोडून आलेली ही माणसं पापड मात्र सोबत घेऊन आली. दुकानदाराने विचारलं, "कितने किलो का पापड?" मी म्हटलं, "नूडल्स." त्याने माझ्याकडे बघितलं आणि गप पुडी बांधली. येताना अंबरनाथला उतरून सुक्या मांदेली घेतल्या. जपानी लोक सुपात निबोशी म्हणजे सुकी मासळी घालतात, ती बहुतेक अँकोव्हीची असते. आपली मांदेलीही त्याच कुळातली.

हिशोब असा: मैदा ३०० ग्रॅम, पाणी १२० मिली, पापडखार ४ ग्रॅम, मीठ ३ ग्रॅम. पापडखार पाण्यात विरघळवून घातला आणि पांढरा मैदा चक्क पिवळा पडला. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो ना, तसलाच प्रकार. पण गोळा असा दगड झाला की मळता मळवेना. आई आतून आली, तेलाचं बोट लावलं, वरवंटा घेतला आणि म्हणाली, "हे मळायचं नसतं, कुटायचं असतं." गुडघे दुखायला लागल्यापासून तिने पापड बंद केलेत. पण हात विसरले नव्हते. दहा मिनिटांत गोळा मऊसूत!

सुपासाठी कोंबडीची हाडं कुकरला पाऊण तास, मग डोकी-पोट काढलेल्या मांदेली, सोया सॉस, थोडं व्हिनेगर, गुळाचा खडा. पोळपाटावर लाटून सुरीने जाड कापलेल्या नूडल्स सहा मिनिटं उकळल्या आणि गार पाण्यात खसखसून धुतल्या.

आईने एक घास बुडवून खाल्ला. "चांगलं आहे. खारट आहे जरा." मग दुसरा. मग अगदी सहज विचारलं, "तिकडे हे दुकानात आयतं मिळत असेल ना? मग इथे का शिकतोयस?"

मंडळी, खरी गोष्ट आता सांगतो. टोकियोची तीन वर्षांची ऑफर येऊन बारा दिवस झाले होते. मी घरात बोललो नव्हतो. बाबा गेल्यापासून घरी आम्ही दोघंच. वाटलं होतं, आधी जेवू घालू आणि मग विषय काढू. म्हणजे मुलाने बापाला सही मागण्याआधी पाय चेपावेत तसं.

"कधी कळलं तुला?"

"तू कपाटातून पासपोर्ट काढलास तेव्हा."

सांगितलं सगळं. ती काही बोलली नाही. वाटीत सूप उरलं होतं. जपानात अशा वेळी त्यात गरम रस्सा ओतून ते पातळ करून पितात, सूप-वारी म्हणतात त्याला. मी हे सांगणार, तोवर आईने पातेल्यातलं गरम पाणी वाटीत ओतून पिऊनही टाकलं होतं. "टाकायचं कशाला?"

भांडी घासताना एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी थांबलास असं मला पुढे ऐकवू नकोस. आणि माझ्यामुळे गेलास असंही नको."

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मेल ड्राफ्टमध्ये आहे. दोन ड्राफ्ट आहेत खरं तर.

पापडखार अजून बराच उरलाय. आई म्हणते, ह्या उन्हाळ्यात थोडे पापड करू. थोडेच.